मस्कतची चिठ्ठी

सूर्यभानतात्यांनी पाथर्डीच्या एसटी स्टँडवर पस्तीस वर्षं हमाली केली. स्टँडासमोर माझं चहाचं दुकान आहे, म्हणून छातीठोकपणे सांगतो, त्यांच्या हातून एकही नग हरवला नाही. कुणाला गाडी बदलायची असली की जुन्या गाडीच्या टपावरून सामान स्वतः उतरवायचं आणि नव्या गाडीवर स्वतः चढवायचं. मध्ये दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हा त्यांचा खाक्या.

त्यांची लेक मोनिका मस्कतला नर्स. पहिलं बाळंतपण, नवरा जहाजावर, आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलेली. तिच्याजवळ कुणीच नव्हतं. म्हणून तात्या आणि त्यांची बायको बनुबाई आदल्या दिवशी सकाळी पुण्याहून निघाले. दिल्लीला विमान बदलायचं होतं. मी जन्मात विमानात बसलेलो नाही, तरी सल्ले भरपूर दिले आणि पुण्यापर्यंत सोडायलाही गेलो. आतलं सगळं मला त्या दोघांनी नंतर सांगितलं, भांडणासकट.

काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास एकदमच दिले आणि बॅगेला पट्टी चिकटवली. तात्या जागचे हलेनात.

"पोरी, ही बॅग कुठं उतरनार?"

"थेट मस्कतला, काका. तिकीट एकच आहे ना, दिल्लीत घ्यायची नाही." तिनं पट्टीवरची तीन अक्षरं बोटानं दाखवली आणि त्याच नंबराचा तुकडा पासाला लावून दिला. तात्यांनी तीनदा विचारलं, ती तीनदा बोलली. भली पोर!

पुण्याचंच विमान उशिरा सुटलं. दिल्लीत उतरले तेव्हा पुढच्या विमानाला जेमतेम सव्वा तास उरला होता, आणि ते चुकलं तर दुसरं थेट दुसऱ्या दिवशी. मोनिका एकटीच ऑपरेशनला गेली असती. उतरलेले बहुतेक लोक सामानाच्या पट्ट्याकडे चालले होते. बनुबाईही तिकडेच निघाल्या आणि पट्ट्यापाशी पाय रोवून उभ्या राहिल्या.

"डिंकाचे लाडू हायेत, बाळाची झबली हायेत. बॅग घेतल्याबिगर मी हलायची न्हाई."

"बॅगेवरची चिठ्ठी मस्कतची हाय. ती हितं येनारच न्हाई."

"पस्तीस वर्सं तुमी कुनाच्या हवाली ओझं केलं न्हाई, आन आज सोडताय?"

इथं मात्र तात्या चिडले. "आगं, लोकांनी माज्या हवाली केलंच की! माज्या डोक्यावर पेट्या दिल्या आन गाडीत जाऊन बसले. मी कोन, कुठला, कुनी इचारलं न्हाई. तितंबी कुनीतरी हमालच आसंल. चल!"

बनुबाई निघाल्या. पुढच्या विमानाची पाटी बघत, पासपोर्टवर शिक्का घेत, पुन्हा तपासणी करून ते धापा टाकत दारात पोहोचले. त्यांच्यामागून आणखी दोघेच आले.

मस्कतला बॅग आली नाही. ती दिल्लीतच मागे राहिली होती. तात्या जराही डगमगले नाहीत. तिथल्या काउंटरवर नंबराचा तुकडा ठेवला, मोनिकाचा पत्ता लिहून दिला, तक्रारीची पावती घेतली आणि बाहेर आले. मोनिका एवढं पोट घेऊन टॅक्सीनं विमानतळावर आली होती. आईला बघून ती मोठ्यानं रडली. सामान कुठंय, हे तिनं विचारलंच नाही.

बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी घरपोच आली. दार उघडायला घरी कुणीच नव्हतं. सगळे दवाखान्यात होते, आणि नात बनुबाईंच्या पदरात गुंडाळून झोपली होती.