खेकड्याला कावळा शिवला नाही

आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये एक खेकडा राहतो. रस्सा करतात तसला नव्हे. नखाएवढा, तपकिरी रेघांचा, दोन्ही नांग्यांत एकेक जिवंत समुद्रफूल धरणारा. कोणी जवळ आलं की मुठी उगारल्यासारखा ती फुलं नाचवतो. फुलं डंख करतात, त्यामुळे मोठा मासाही मुकाट्याने वाट बदलतो. दुकानदार त्याला बॉक्सर म्हणाला होता. मूळचा उबदार, उथळ समुद्रातला. प्रवाळाच्या पडझडीत, दगडांखाली राहणारा. फुलांना चिकटलेलं खाणं हाच ओढून खातो, म्हणजे शस्त्रही तेच आणि ताटही तेच. असली काटकसर मला फार आवडते.

खाऱ्या पाण्याची टाकी हा माझा निवृत्तीनंतरचा नाद. सुरुवातीला पाणी काही जमेना आणि मासे एकामागून एक गेले. प्रत्येक माशामागे बायको रडली. शेवटी तिने स्वच्छ सांगितलं, "अहो, आता आणखी एक जीव गेला तर टाकी वाघोलीला तुमच्या मित्राकडे जाईल. मला नाही हे सहन होत." त्या अटीवर खेकडा आला. मी त्याला डोळ्यांत तेल घालून जपत होतो.

आणि एका सकाळी तो वाळूवर उताणा दिसला, नांग्या रिकाम्या पसरून.

बायकोने गॅस बंद केला आणि डोळे पुसत उभी राहिली. मग म्हणाली, "याची फुलं कुठायत?"

"असतील कुठेतरी," मी म्हणालो. मला फुलांची नव्हे, टाकीची पडली होती.

माझी आई आमच्याकडेच असते. तिने ते चिमुकलं शरीर जास्वंदीच्या कुंडीत पुरायला लावलं आणि गॅलरीच्या कठड्यावर दहीभाताचा घास ठेवला. "घरातलाच होता," ती म्हणाली. समोर कावळा हजर होता, एरवी हातातली पोळी पळवणारा. त्याने भाताकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि तो उडून गेला.

"शिवला नाही," आई म्हणाली. "इच्छा राहिलीय त्याची काहीतरी."

अशा वेळी घरच्यांनी गेलेल्याला मोठ्याने शब्द द्यायचा असतो, मग कावळा शिवतो. मी संधी साधून बायकोला म्हणालो, "टाकी मोडणार नाही असं म्हण, लगेच येईल."

"कावळ्याला आधीच पढवून ठेवलंय वाटतं तुम्ही," बायको म्हणाली.

जेवणं झाल्यावर मी मुकाट्याने नळी लावली. पाणी मोरीत जायला लागलं आणि माझं तोंड पार उतरलं. बायको मात्र बाह्या सारून टाकीत हात घालून बसली. ती फुलं शोधत होती. "ती जिवंत असतील ना? त्यांना कशाला मोरीत सोडायचं?" तिने कोपऱ्यातला चपटा दगड उचलला आणि एकदम ओरडली, "बंद करा! अहो, नळी बंद करा!"

दगडाखाली आमचा खेकडा होता. फिका, मऊ, पार नवा, आणि एका नांगीत फूल घेऊन तिच्यावर उगारत होता.

आम्ही पुरलं होतं ते त्याचं जुनं कवच. कवच वाढत नाही, म्हणून अंगाला घट्ट झालं की खेकडा त्यातून मागच्या मागे निसटतो. फुलं तेवढी आधी बाजूला ठेवतो. नवं कवच टणक होईपर्यंत लपून बसतो. मी हे वाचलेलं होतं, पण वेळेवर आठवेल तर शपथ. दुसरं फूल बहुधा माझ्याच नळीतून मोरीत गेलं.

बायकोला त्याचीच रुखरुख लागली. पण काही दिवसांनी पाहतो तर दोन्ही नांग्यांत फुलं, जरा लहान. पठ्ठ्याने उरलेलं फूल मधोमध फाडून त्याची दोन केली होती, आणि दोन्ही वाढत होती. बायको काचेला नाक लावून हसत होती. मला इतकं बरं वाटलं की विचारायचं धाडस झालं, "मग मित्राला काय सांगू?"

ती काचेपासून मागे सरली. "कधीतरी हा खरंच जाईल ना?"

"जाईल."

"तेव्हा मी पोटभर रडणार आहे. तुम्ही मध्ये समजूत घालायला यायचं नाही," ती म्हणाली. "आणि टाकीला हात लावायचा नाही."