लटकत्या पायांचं जेवण

मी अमरावतीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माणूस लाखो वर्षं चालला, वाकला, उकिडवा बसला. खुर्ची काल-परवा आली, शरीराला अजून तिची नीट ओळखही नाही, हे मी दरवर्षी खुर्चीत बसून सांगते. यातली गंमत वर्गात कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आली नव्हती.

त्या हिवाळ्यात बाबा तिवशाजवळच्या आमच्या गावाहून माझ्याकडे राहायला आले. आई नुकतीच गेली होती. गावात दोन भाकरी खाणारा माणूस इथे अर्ध्या भाकरीवर हात धुवायला लागला. सदरा खांद्यावरून घसरू लागला, तसं मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, सगळं ठीक. लेकीच्या घरचं खायचा जुना संकोच असेल, असंही वाटलं. विचारलं तर म्हणाले, "काई नाई वं. भूकच नाई लागून राह्यली."

एखादा प्रश्न डोक्यात शिरला की मी घरात कुणाला सुखानं बसू देत नाही. बेसनाच्या पातोडीचा रस्सा करून पाहिला, ठेचा वाटून पाहिला. मग बाबा जेवतात कसे, तेच मी बघायला लागले. टेबलाशी ते बसतच नसत. "पाय लटकले का घास उतरत नाई," म्हणत आणि ताट घेऊन भिंतीशी मांडी घालत. मी आणि नवरा वर, ते खाली. गावात त्यांच्या ताटासमोर कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. आदिमानव शिकार वाटून खायचा, हेही मीच शिकवते. मग भूक नुसती पोटात असते, की समोरच्या माणसातही?

एका दुपारी मी ताट घेऊन खाली बसायला गेले. गुडघे कटकट वाजले. ओट्याला धरून कशीबशी धपकन बसले.

"काहून वं, टेबल मोडला काय?"

"नाई. शास्त्र तपासून राह्यली."

बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. गावच्या गप्पा मारता मारता भाकर संपली. "अजून अर्धी वाढ," म्हणाले.

मी उठायला गेले, तर उठताच येईना. हात पुढे टेकला, मागे टेकला. हसूही येत होतं आणि रडूही.

शेवटी बाबाच उठले, कशालाही न धरता. भाकर आणली, मोडली आणि अर्धी माझ्या ताटात टाकली.

"बस तशीच," म्हणाले. "उठाची घाई नाई आपल्याले."