पांढऱ्यावर पांढरं

फॉलमावशी कुणाच्याही तोंडाकडे नंतर बघायची, आधी साडीच्या खालच्या काठाकडे. समोर नवी नवरी असो की पंचायत समितीवर निवडून आलेली बाई असो, मावशीची नजर आधी खाली जायची. तिथे फॉलचा एखादा टाका साडीवर डोकावताना दिसला की घासात खडा लागल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. "कुणी लावला गं ह्यो?" हा पहिला प्रश्न. कशी आहेस, कधी आलीस, ही चौकशी त्यानंतर. दौंडच्या रेल्वे क्वार्टरपासून आमच्या वस्तीपर्यंत निम्म्या बायकांच्या साड्यांना तिनेच फॉल लावलेले होते. तिचं खरं नाव मला पुष्कळ वर्षांनी कळलं आणि कळलं तेव्हा ते तिचं वाटलंच नाही.

तिच्याकडे शिलाई मशिन होतं, पण त्यावर उशांचे अभ्रे शिवायचे. फॉल मात्र हातानेच. क्वार्टरच्या पायरीवर बसून, सुई उन्हाकडे धरून ती दोरा ओवायची. साडीचं एकच सूत सुईच्या टोकावर उचलायचं आणि पुढे सरकायचं, असं तिचं काम. त्या एका क्षणापुरतं तिचं बोलणं थांबायचं, मग वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे चालू. तिच्याशी गप्पा मारायच्या म्हणजे ही थांबाथांबी सोसावी लागे. मी तेव्हा कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होते. पहिली पाळी संपवून आले की घरी जायच्या आधी तिच्या पायरीवर टेकायचे. "टाका दिसला की फॉल वाया गेला," हे तिने मला इतक्यांदा ऐकवलं होतं की माझ्या स्वतःच्या साडीकडे बघायची मला भीती वाटायची.

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी बायकांची बैठक असायची. वंदना झाली की पुरुषमंडळी घरी जात, आणि आम्ही दहा-बारा जणी पांढऱ्या साड्या नेसून डोळे मिटून गप्प बसत असू. कुणी रीतसर शिकवलेलं नव्हतं. शाळेतल्या मास्तरीणबाईंनी एका शिबिरातून ही सवय आणली आणि ती आम्हाला लागली. घरी बाईला गप्प बसायला मिळतं कुठे? वस्तीतली पोरं आम्हाला 'मुकं मंडळ' म्हणायची. मावशीला ते नाव मनापासून आवडलं होतं. बैठकीत ती माझ्या डाव्या हाताला असायची. आठवडाभर अखंड चालणारं तिचं तोंड तेवढा वेळ बंद असायचं, आणि उठताना ती म्हणायची, "आता कसं धुतल्यासारखं वाटतंय."

आम्हाला खूण हवी, हे निघालं पुण्यातल्या एका मोठ्या मेळाव्यानंतर. गावोगावच्या उपासिका आल्या होत्या. कुणाला निळी पट्टी, कुणाला छातीवर बिल्ला. आम्ही नुसत्याच पांढऱ्या. जेवणाच्या वेळी आमची झुंबरआजी भलत्याच गावाच्या पंगतीत जाऊन बसली, त्यांच्या गाडीत चढली आणि निघायच्या बेतात असताना सापडली. परतताना मास्तरीणबाईंनी ठरवूनच टाकलं, आपली एक खूण पाहिजे. ती करायची कुणी, हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांनी मावशीकडे बघितलं.

मग खूण कसली असावी यावर महिनाभर खल चालला. चक्र म्हणावं तर ते सगळ्यांचंच होतं. कमळ एका बाईला मतपत्रिकेवरचं वाटलं. मावशीने पिंपळाचं पान सुचवलं. ते मास्तरीणबाईंना एकदम पटलं, पण झुंबरआजी बसल्या जागी ताठ झाली. पिंपळावर मुंजा असतो, ते पान अंगावर घेऊन मी तिन्हीसांजेची बाहेर कशी पडू, असं ती म्हणाली. धर्म बदलून इतकी वर्षं झाली होती, तरी मुंजा काही मागे राहिला नव्हता. मास्तरीणबाई तिला समजावायला लागल्या, तर मावशीनेच त्यांना थांबवलं. तिने आजीला विहारामागच्या पिंपळाखाली नेलं, तिच्याच हाताने खाली पडलेलं एक पान उचलायला लावलं आणि विचारलं, "आजी, ह्याच्या बुडाशी बसून एकाला एवढा उजेड पडला. तवा मुंजा कुठं गेला आसंल?" आजीने पुष्कळ विचार केला. "त्यो बी बसला आसंल गप," ती म्हणाली आणि पान कनवटीला लावून घरी गेली.

त्यानंतर मावशी पानांच्या नादी लागली. क्वार्टरच्या मोरीजवळ एका पातेल्यात पिंपळाची पानं कुजत पडलेली असायची. हिरवं गळून गेलं की नुसती जाळी उरे, ती जाळी मावशी पांढऱ्या कापडावर ठेवून बघत बसायची. पानाचं लांब टोक तिला साधत नव्हतं. आखूड केलं की ते विड्याचं पान दिसे, लांब केलं की उंदराची शेपटी. काका, म्हणजे तिचे मिस्टर, रेल्वेच्या यार्डात होते. ड्यूटीवरून आले की त्यांना आधी पातेलं ओलांडावं लागे. एकदा त्यांनी ते पाणी तुळशीला ओतलं, तर दोन दिवस त्यांच्याशी अबोला.

दोरा आणायला ती मला घेऊन बाजारात शेखचाचांच्या दुकानात गेली. चाचांनी निळ्या, लाल, सोनेरी लडी पुढे टाकल्या. मावशीने पांढरा मागितला. कापड कुठलं, तर तेही पांढरंच. चाचांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मावशी, पांढऱ्यावर पांढरा घालायचा, तर घालायचा कशाला?" दुकानात जेवढे पांढरे होते तेवढे तिने काढायला लावले, दारात नेऊन उन्हात धरले आणि त्यातला साडीत सगळ्यात मिसळून जाणारा निवडला. चाचांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मलाही तिचं काही कळलं नव्हतं.

त्याच सुमाराला काका रिटायर व्हायचा दिवस जवळ आला. क्वार्टर सोडावं लागणार होतं. मुलगा रांजणगावच्या कंपनीत, त्याने शिरूरला दोन खोल्या घेतल्या होत्या. तिकडे जायचं ठरलं. शिरूरला मावशी जुन्या माणसांसारखं घोडनदीच म्हणायची. एका दुपारी फॉल लावता लावता तिचं बोलणं थांबलं, आणि या वेळी सूत उचलून झालं तरी ते पुढे सुरू झालं नाही. मग म्हणाली, "पोरगं चांगलं हाय, सून चांगली हाय. पर घोडनदीला माझ्याशेजारी बसंल कोण?" मी म्हटलं, तिथेही विहार असेल, बायका असतील. ती म्हणाली, असतील की, पण त्या या नसतील. ती रडली नाही. खरं तर मलाही शेजारी तीच हवी होती.

जायच्या आधी तिने सगळ्यांच्या पांढऱ्या साड्या गोळा केल्या आणि प्रत्येकीच्या पदराच्या कोपऱ्यावर पान काढलं. खाली जाड दोरा धरून त्यावर बारीक टाके घातलेले, मधली शीर, तिरप्या शिरा आणि अखेर साधलेलं ते टोक. रविवारी विहारात तिने साड्या वाटल्या आणि सगळ्या जणी पान शोधायला लागल्या. कुणी कोपरा उलटा करून बघितला, कुणी दारात गेली. जवळ धरलं तरच दिसत होतं. बायकांचे चेहरे पडले. मास्तरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, काम सुरेख आहे, पण दोन हातांवरून दिसत नाही, मेळाव्यात ओळखणार कसं? निळ्या दोऱ्याने नुसती कड भरली तर? मावशीचा आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही.

"बाई, आपण हितं डोळं मिटून बसतो. मग डोळ्याला काय दाखवायचं? कोपरा हातात धरा आन् बसा."

आम्ही बसलो. पदराचा कोपरा मांडीवर, अंगठा पानावर. अंगठा देठाकडून शिरेवरून टोकाकडे जायचा आणि पुन्हा देठाशी यायचा. पाठीमागे कुणाच्या तरी बांगड्या जराशा वाजल्या आणि मला कळलं, तिचाही अंगठा टोकाला पोचला. डोळे मिटलेले असताना इतक्या जणी माझ्या आसपास आहेत, हे मला त्याआधी कधी जाणवलं नव्हतं. उठल्यावर कुणी निळ्या दोऱ्याचं नाव काढलं नाही. मास्तरीणबाईंनी पदर नाकाला लावला होता.

मावशी शिरूरला गेली आणि पायरी ओस पडली. सामानाच्या टेम्पोत पुढे बसून जाताना तिने हात हलवला नाही, पदराचा कोपरा तेवढा मुठीत धरला होता. सुरुवातीला वस्तीतल्या फोनवर तिचा निरोप यायचा, बसता का गं सगळ्या? बसत होतो. पुढे मास्तरीणबाईंची बदली झाली. झुंबरआजी वारली. आणखी दोघींच्या सुना कामावर लागल्या आणि नातवंडं त्यांच्या गळ्यात आली. माझी रविवारची सुट्टी कंपनीने बदलली. भांडण नाही, काही नाही, बैठक आपोआप बंद पडली.

एका सुट्टीला मी चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याने शिरूरला गेले. मावशीने दारातच माझ्या साडीचा काठ बघितला आणि तो बरा निघाला. जेवताना तिने बैठकीचं विचारलं. मी बंद झाल्याचं सांगितलं. तिने भाकरी मोडली, पण घास तसाच ताटात ठेवला. तिथल्या विहारात ती जात होती, वंदनेला बायकाही पुष्कळ येत होत्या, पण नंतर गप्प बसायला कुणी थांबत नव्हतं. मग ती म्हणाली, "मी बसते हितं रयवारी. मी बसतीया तवर बैठक बंद कशी?" मी तिला म्हटलं, एकटीची कसली बैठक. ती हसली आणि माझ्या ताटात आणखी आमटी वाढली. मला परत निघवेना. स्टँडवर ती गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभी होती.

मावशी वारल्याचा फोन तिच्या मुलाने मास्तरीणबाईंना केला आणि तिथून निरोप कुठे कुठे पोचला. पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या नावाने ठेवलेल्या वंदनेला, शिरूरच्या त्या खोलीत आम्ही पाच जणी भेटलो. कुणी राहूवरून आली होती, कुणी खुटबाववरून, मास्तरीणबाई तर थेट बारामतीहून. एकमेकींशी न बोलता प्रत्येकीने तीच साडी नेसली होती. बाकीच्यांना आम्ही नुसत्या पांढऱ्या साडीतल्या बायका दिसत असू. मंडळी पांगल्यावर सून आमच्यापाशी येऊन उभी राहिली. लाजाळू पोर, मावशीच्या बैठकीत ती कधी बसली नव्हती.

"रयवारी मला मोरीकडं जायचं झालं तर आत्या मधनं जाऊ द्यायच्या न्हाईत," ती म्हणाली. "म्हणायच्या, भिंतीच्या कडंनं जा, मधी बाया बसल्यात, त्यांना पाय लागंल. आधी मला भ्याच वाटायचं. मग सवय झाली. कोण कुठं बसलंय ते बी सांगायच्या."

मास्तरीणबाईंनी विचारलं, मी कुठे? तिने दाराजवळची फरशी दाखवली. झुंबरआजीची जागा कपाटाला टेकून होती, ती गेल्यावरही. मग मी माझं नाव सांगितलं. पोरीला विचार करावा लागला नाही. तिने खिडकीखालची फरशी दाखवली आणि म्हणाली, "आन् त्या तुमच्या डाव्या हाताला."

आम्ही जिच्या तिच्या जागेवर बसलो. माझ्या डाव्या हाताची फरशी मोकळी ठेवली. डोळे मिटले, कोपरा हातात घेतला, आणि मला रडू आलं ते मी येऊ दिलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून सुनेची पावलं निघाली. ती खोलीच्या मधून आली नाहीत. भिंतीच्या कडेकडेने मोरीपर्यंत गेली.