घरात बंदी असलेला शब्द

पहिलं निदान ऐकलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. पांढुर्ण्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "रुमॅटिक फीवर दिसतोय." घसा बिघडून गेल्यावर काही मुलांचे सांधे सुजतात, ताप येतो, दुर्लक्ष केलं तर हृदयावर जातं, असा हा आजार. पण औषध आहे. मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, घाबरू नका, निदान झालं.

ते निदान चुकीचं होतं, आणि ते डॉक्टरांनी नाही, मी चुकवलं होतं.

तपासण्या लिहिताना त्यांनी विचारलं होतं, "घरात कुणाला सिकल सेल? आपल्या भागात आधी तेच बघावं लागतं." सिकल सेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग अडकेल तिथे दुखतं. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच मुलाला हा आजार होतो. मी पर्समधून प्लास्टिकची फाइल काढली. मी शाळेत क्लार्क आहे, कागद शोधायला मला कधी वेळ लागत नाही. माझ्या मुलाच्या वेळी, पोटुशी असताना झालेली माझी तपासणी त्यात होती. नॉर्मल.

"आई नॉर्मल म्हणजे प्रश्नच मिटला," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठीवरच्या त्या तपासणीवर त्यांनी काट मारली. भरतीच्या कागदावर 'माता का नाम' या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं होतं. सुवाच्य अक्षरात.

स्तुती अकरा वर्षांची आहे. तिला मी जन्म दिलेला नाही.

तिची आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. माझा पहिला नवरा अपघातात गेला तेव्हा माझा जोएल दीड वर्षाचा होता. तीन वर्षांनी आमच्या चर्चच्या पास्टरांनी दोन्ही घरांत शब्द टाकला आणि आमचं लग्न झालं. आशीर्वाद देताना ते म्हणाले, "आजपासून या घरात सावत्र हा शब्द नको." आम्ही दोघांनी मान डोलावली. मी तर तो घराचा कायदाच केला. शेजारणीने एकदा "सावत्र असून किती करते" असं माझं कौतुक केलं, तर तिला मी महिनाभर चहा विचारला नाही. स्तुती आधी मला 'बाई' म्हणायची. दुसऱ्या वर्षी एकदा शाळेच्या दारातून "आई, डबा!" असं ओरडली, तेव्हा मी ऑफिसात जाऊन रडले होते. एवढ्या कष्टाने मिळालेलं नाव दवाखान्याच्या कागदावर कशी सोडणार होते मी?

आता ज्या गोष्टीची मला सगळ्यात लाज वाटते ती सांगते. मला सावध केलेलं होतं. आदल्या ईस्टरला स्तुतीची मावशी, म्हणजे तिच्या आईची बहीण, रामाकोन्याहून आली होती. निघताना चप्पल घालता घालता म्हणाली, "पोरीचं रगत एकडाव तपासून घ्या. तिच्या मायचं बी सांदे दुखे." मला तो टोमणा वाटला. पोरीला नीट सांभाळत नाही, असं सुचवते आहे. मी म्हटलं, "माझ्या पोरीचं मी बघेन." 'माझ्या' वर जोर देऊन. ती बस पकडायला निघून गेली.

दुखणं ख्रिसमसच्या आठवड्यात सुरू झालं. चर्चची मुलं घरोघरी गाणी म्हणत फिरतात, तशी स्तुतीही फिरली. थंडी कडाक्याची आणि पोरीने स्वेटर पिशवीत ठेवलेला, कारण त्याखाली नवा फ्रॉक दिसत नव्हता. घरी आली ती भिंतीला धरून. "आई, माहे पाय आतून दुखून राहिले." दुसऱ्या दिवशी बोटं सुजली, ताप चढला. तिचे वडील संत्र्याचा ट्रक घेऊन दिल्लीला निघालेले. जोएलला माझ्या आईकडे ठेवलं आणि मी तिला घेऊन भरती झाले.

पहिला दिवस औषधं सुरू होण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायचं तर मांड्यांमध्ये आणि पाठीत शिरलं. हिमोग्लोबिन खाली आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं तोंड पुसत होते आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग मला पिवळा दिसला. पडद्याच्या उजेडामुळे असेल म्हणून मी पडदा सरकवला. पिवळाच होता.

दुपारी तिला छातीत दुखायला लागलं. श्वास भराभर आणि अर्धाच घेत होती. छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टर तो खिडकीपाशी धरून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मला हे जुळत नाहीये. काही सांगायचं राहिलं का?"

मी "नाही" म्हटलं.

खरंच सांगते, तेव्हाही सिकलचा विचार माझ्या मनात पुरता आला नव्हता. पण काहीतरी आलं होतं. मावशीचं ते दारातलं वाक्य आलं होतं. आणि स्तुती माझं बोट धरून ऐकत होती. तिच्यासमोर 'सावत्र' हा शब्द मला उच्चारायचा नव्हता. मी स्वतःला सांगितलं की मी तिला जपते आहे. तिच्यापेक्षा मी स्वतःलाच जपत होते.

अर्ध्या तासात मावशीचा फोन आला. तिला स्तुतीच्या वडिलांनी कळवलं होतं. तिने नमस्कारही केला नाही.

"तिचे डोये पिवये झाले का?"

"झाले."

"छाती दुखते?"

"हो."

मग ती म्हणाली, "माह्या बहिणीले सिकल होती. कार्ड होतं तिचं. लगन मोडन म्हनून आमच्या बापानं पेटीत घालून ठेवलं. जवायाले बी सांगतलं नाई, वात हाय म्हनलं. बाई, तुमच्या पाया पडतो, डॉक्टरले सांगा."

मी वळले तर डॉक्टर स्तुतीच्या खाटेपाशीच होते. त्यांना बाहेर बोलवावं इतकाही वेळ आहे असं मला वाटलं नाही. तिचा श्वास मला दारापासून ऐकू येत होता.

"सर, मी हिची आई नाही," मी म्हणाले. "सावत्र आई आहे. माझा रिपोर्ट हिच्या कामाचा नाही. हिच्या आईला सिकल होती."

स्तुतीने ऑक्सिजनच्या मास्कमागून माझ्याकडे पाहिलं. मी ते पाहणं विसरू शकत नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "हे पहिल्या दिवशी पाहिजे होतं, ताई," आणि नर्सला हाक मारली. सॉल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकून बघायची साधी तपासणी, थोड्याच वेळात झाली. द्रावण गढूळ झालं. गढूळ म्हणजे सिकल. संध्याकाळच्या आत आम्ही अँब्युलन्समधून नागपूरला निघालो.

तिथे त्याला नाव मिळालं: अक्यूट चेस्ट सिंड्रोम. वाकलेल्या पेशी फुप्फुसात अडकतात आणि श्वास कोंडतो. सिकलच्या मुलांना यातूनच सगळ्यात जास्त धोका असतो. स्तुतीचं रक्त थोडं थोडं काढून दुसऱ्याचं चढवायचं ठरलं. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "चोवीस तास काही विचारू नका." मी विचारलं नाही.

मावशी सौंसरहून बस बदलत आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसली. मी वाट बघत होते की ती मला रागावेल, आणि तिने रागवावंच असं मला वाटत होतं. ती पिशवीतून भाकरी काढत म्हणाली, "तुम्ही लपवलं, आमी बी लपवलं. आता खाऊन घ्या." मग आम्ही दोघींनी हात धरून प्रार्थना केली. शब्द मला सुचेनात, तिनेच केली.

दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन कमी करता आला. चौथ्या दिवशी स्तुतीने खिचडी मागितली. पण माझ्याशी ती बोलेना. पाणीसुद्धा मावशीकडून मागायची. पाचव्या दिवशी छताकडे बघत म्हणाली, "तू डॉक्टरले तसं काऊन म्हनलं?"

मी तिला सगळं सांगितलं. रिपोर्ट, काट, तिच्या आईचं कार्ड, दाबून ठेवलेला शब्द. माझ्या रक्तात तुझ्या आजाराचा पत्ता नव्हता आणि मी तोंड मिटून बसले, हे सांगितलं. चुकले म्हणून माफी मागितली.

"म्हंजे आधीच सांगतलं असतं तं एवढं दुखलं नसतं?"

"नसतं," मी म्हणाले. खोटं बोलायची माझी ताकद संपली होती.

तिने डोळे मिटले. माझा हात तिने घेतला नाही, झटकलाही नाही.

या गोष्टीला वर्ष होत आलं. नवऱ्याची तपासणी केली, ते वाहक निघाले, म्हणजे दोष आहे पण आजार नाही. स्तुतीच्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. मोजे, पाण्याची बाटली, ताप आला की थेट दवाखाना, हे आता घरातले नियम आहेत. पुन्हा होणार नाही असं कुणीही म्हटलेलं नाही. हे लिहिते आहे तेव्हा थंडी पडायला लागली आहे आणि ती पायरी उतरताना भिंतीला हात लावते का, याकडे माझं लक्ष असतं. मावशी आता महिन्यातून एकदा येते. तिच्यासाठी चहा मी स्वतः करते.

ज्यांच्या घरात माझ्यासारखी दोन घरं एक झाली आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मूल कुणाच्या पोटचं आहे हे डॉक्टरला पहिल्या मिनिटाला सांगा. प्रेम कमी होत नाही. मला वाटलं होतं होईल.

दर महिन्याला आम्ही तपासणीला जातो. तिथले डॉक्टर बदलत असतात, नवीन कुणी ना कुणी कागद उघडून विचारतं, "या आई का?" मी तोंड उघडायच्या आत स्तुती बोलते, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात.

"सर, हे माही सावत्र आई हाय. रिपोर्ट हिचा नका पाहू."

मग माझ्याकडे वळते. "आई, बाटली दे ना."