रफ कुठे आहे?

“नऊशे शब्द, एक्केचाळीस मिनिटं आणि एकही दुरुस्ती नाही. अशी गोष्ट कुणी लिहीत नाही,” डेबी म्हणाली आणि रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. खाली सही माझीच होती.

अमेरिकेत मिनेसोटातल्या एका दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात मी कॉम्प्युटर सायन्सचा पहिला कोर्स शिकवते, ज्यांनी जन्मात प्रोग्रॅम लिहिला नाही अशांसाठीचा. डेबी आमची असोसिएट डीन. कुणावर नकलेचा आरोप झाला की कमिटी बसते आणि तांत्रिक मत द्यायला मला बोलावतात. या वेळची तक्रार क्रिएटिव्ह रायटिंगच्या कोर्समधली होती. तिथला शिक्षक मार्क म्हणत होता, ही गोष्ट मशीनने लिहिली आहे. विद्यार्थ्याचं नाव झाकून मला फक्त व्हर्जन हिस्टरी दिली होती. ऑनलाइन फाइलमध्ये काय कधी टाइप झालं, कधी खोडलं, याची नोंद आपोआप राहते, तिला व्हर्जन हिस्टरी म्हणतात. इथे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ टायपिंग होतं. मी दहा मिनिटांत लिहून दिलं: ‘तयार मजकूर समोर ठेवून टाइप केलेलं दिसतं.’

नाव आत्ता कळत होतं. वंदना. माझ्याच वर्गातली.

वंदनाताई मूळच्या सांगलीच्या, वय सत्तेचाळीस. मुलं मोठी झाल्यावर कॉलेजात आलेल्या. इथून युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घ्यायची आणि राहिलेली डिग्री पुरी करायची, एवढा एकच ध्यास. नकलेचा शेरा रेकॉर्डवर बसला की ती वाट बंद.

आणि मला त्यांची पद्धत चांगली माहीत होती! प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, कागदावरच चालवून बघायचा आणि मग कीबोर्डला हात लावायचा. वर्गातली बाकीची पोरं आधी टाइप करतात, विचार नंतर. वंदनाताईंचा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालतो. या सवयीचं मी भर वर्गात कौतुक केलेलं, आणि नाव झाकलेलं असताना तिलाच चोरी ठरवून मोकळी झाले. आम्ही सगळे असेच तर शिकलो. आधी रफ, मग फेअर. फेअरमध्ये खाडाखोड दिसली की गुण गेले. स्वतःचीच इतकी चीड फार दिवसांत आली नव्हती.

“डेबी, माझा रिपोर्ट चुकला. मी तो मागे घेते.”

“ती तुझ्या ओळखीची निघाली म्हणून?”

“ती आधी कागदावर लिहिते म्हणून.”

“मग तो कागद दाखवू दे. तुमच्या कल्चरमध्ये एकमेकांना हेल्प करणं नॉर्मल असेल, आय गेट इट. पण इथे...”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अठरा वर्षं या कॉलेजात शिकवून हे ऐकायचं!

“नकलेला आमच्याकडेही नक्कलच म्हणतात,” मी म्हणाले आणि बाहेर येऊन फोन लावला.

“वंदनाताई, तुमच्या गोष्टीचं रफ कुठे आहे?”

“मॅडम, फेअर झाल्यावर रफ कोण ठेवतं?” आवाज रडवेला. “प्रोफेसरांनीही हेच विचारलं. मी म्हटलं, फेकलं. ते नुसते हसले.”

“फेकलं म्हणजे नक्की काय केलं? आठवून बघा.”

“पानं फाडली... थांबा हं. त्याच आठवड्यात किचनचे ड्रॉवर साफ केले तेव्हा...” पलीकडून चमच्यांचा खणखणाट ऐकू आला. “मॅडम, आहेत! सगळी खाली अंथरलीत!”

दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे सहा पानं ठेवली. एकावर तेलाचा डाग, दोन पानांवर हळद. ड्रायव्हिंग टेस्टला तीनदा नापास झालेल्या बाईची गोष्ट. अर्धी मराठी, अर्धी इंग्लिश, बाण काढून वाक्यं इकडची तिकडे केलेली, शेवट चार वेळा लिहून तीनदा खोडलेला. मराठी भाग मी भाषांतर करून वाचून दाखवला. मार्क पानं उलटत राहिला. मग म्हणाला, “खोडलेला तिसरा शेवट जास्त चांगला होता.” सॉरी नाही, काही नाही! बाईला महिनाभर झोप नाही आणि याला शेवटाची पडलेली.

आठवड्याने पत्र आलं. ‘पुरेशा पुराव्याअभावी तक्रार बंद.’ निर्दोष हा शब्द कुठेच नव्हता. मी डेबीशी भांडले. “इट्स स्टँडर्ड लँग्वेज,” ती म्हणाली. ट्रान्सफर वाचली, त्यावर समाधान मानायचं. मी माझ्या सिलॅबसमध्ये एक ओळ घातली: रफ काम टर्म संपेपर्यंत जपून ठेवा.

पुढच्या महिन्यात वंदनाताई लॅबमध्ये नवी गोष्ट टाइप करताना दिसल्या. शेजारी रफ उघडं होतं. एक चांगलं वाक्य त्यांनी टाइप केलं, पुसलं, मुद्दाम चुकीचं लिहिलं, तेही पुसलं, मग घड्याळाकडे बघत दोन मिनिटं नुसत्या बसून राहिल्या.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“हिस्टरी तयार करतेय, मॅडम. चुका दिसल्याशिवाय यांचा विश्वास बसत नाही.”

दोन विषय शिकायला आलेल्या सरळ बाईला आमच्या कॉलेजने तिसराही शिकवला, खोटं कसं वागायचं हा. आणि या विषयात तिला कुणीही नापास करणार नाही.