टायगर बाद का झाला

टायगर टेबलावर उभा होता आणि माझा हात त्याच्या मागच्या पायांमध्ये होता. भरल्या मांडवातल्या सगळ्या माना एकदम दुसरीकडे वळल्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी जालन्याला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. गावातल्या काही कारखानदारांनी टेरियर क्लब काढला होता. टेरियर म्हणजे बिळात शिरून उंदीर-घुशी मारणारा लहान, चिवट कुत्रा. बियाण्यांच्या गोदामात कामाचा. क्लबातले टेरियर मात्र सोफ्यावर झोपत आणि उंदीर दिसला की मालकाला बोलवत. त्यांच्या पहिल्या डॉग शोला पुण्याचा जज यायचा होता. तो आला नाही, म्हणून मला उभं केलं.

टायगर क्लबाचे अध्यक्ष भाऊसाहेब यांचा. त्यांचा बियाण्यांचा कारखाना. आदल्या दिवशीच ते म्हणाले होते, "बाई, दवाखान्याला फ्रिज लागतो ना? शो बराबर पार पडू द्या. मंगळवारी फ्रिज पोचला समजा."

फ्रिज मला हवाच होता. लस थंड राहिली नाही तर ती नुसतं पाणी. मी ती बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवायची आणि उन्हाळ्यात निम्मी फेकायची. सरकारकडे अर्ज करून तीन वर्षं झाली होती.

म्हणून मी हात पुन्हा एकदा फिरवला. फरक पडला नाही. नियम साधा आहे. नराची दोन्ही वृषणं खाली पिशवीत उतरलेली हवीत. नसतील तर कुत्रा बाद, कारण हा दोष पुढे पिलांत येतो. टायगरचं एकच उतरलेलं होतं.

"काय शोधून राह्यल्या, बाई?" भाऊसाहेबांनी हळूच विचारलं.

"दुसरं."

"दुसरं काय?"

मी सांगितलं. ते कानापर्यंत लाल झाले.

"एकानं काय बिघडतं? चालतो बराबर, खातो बराबर!"

"चालायला-खायला ते लागत नाही."

"ट्रॉफीवर नाव कोरून आलंय त्याचं!"

"त्याला मी काय करू?"

निकाल कारणासकट माईकवर सांगायचा, हा क्लबाचा नियम. पक्षपात नको म्हणून भाऊसाहेबांनीच घातलेला. माईकवर शाळेतले कांबळे गुरुजी होते. माझा कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, समोर मह्या वर्गातली पोरं बसलीत. हे असंच वाचू?"

"असंच."

"शारीरिक न्यूनता म्हणलं तर?"

"मग लोक म्हणतील, लंगडा आहे. वाचा."

गुरुजींनी खणखणीत आवाजात वाचलं. माईक खरखरला म्हणून दोनदा वाचलं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "कोणाचं म्हणले, गुरुजी? कुत्र्याचं का भाऊसाहेबांचं?"

पहिला नंबर मी एका गोदामाच्या चौकीदाराच्या मादीला दिला. कान घुशीनं फाडलेला, पण दात सरळ आणि केस राठ. ट्रॉफी तिला टायगरच्याच नावाची मिळाली.

मंगळवारी फ्रिज आला नाही. तो क्लबात गेला, सोड्याच्या बाटल्या थंड करायला.

बुधवारी दवाखान्यासमोर जीप थांबली. टायगरची पिलं भाऊसाहेबांनी बड्या साहेबांना भेट दिली होती. जीपमधून उतरले ते माझ्याच खात्याचे वरिष्ठ. टॉवेलात पिल्लू.

"बाई, याचं जरा... ते बघता का?"

बघितलं. "दोन्ही आहेत."

साहेब खुर्चीत बसले. "मंग आता पिसाळण्याची लस पण देऊन टाका. घरात लेकरं हायेत."

"लस नाही, साहेब. बर्फ वितळला. काल फेकून दिली."

"फ्रिज नाही का मागवत?"

"मागवलाय. अर्ज तुमच्या टेबलावर आहे. तीन वर्षांपासून."

पंधरा दिवसांत फ्रिज आला. त्यातली पहिली लस त्या पिलाला टोचली.

तेव्हापासून वर अर्ज पाठवण्याआधी मी चौकशी करायची, साहेबांकडे जनावर कोणतं आहे. कुत्रा असेल तर काम लवकर व्हायचं. दुभती म्हैस असेल तर त्याहून लवकर.