चौथा पॉट

मिरजेला सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत नीलिमा नावाची एक बाई बसते. चाळिशीच्या आतबाहेरची, अंगानं बारीक, बोलणं कमी. सतारीत, तंबोऱ्यात माईक बसवायचे आणि त्यांच्या वायरी जोडायच्या, हे तिचं काम. पहिल्यांदा बघितलं तेव्हाच मला वाटलं, ही बाई काहीतरी लपवते. कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल माझं असंच होतं. आमच्या पलूसला कोण गप्प बसलं, तर एक तर त्याचं पोट दुखत असतं, नाहीतर त्यानं काहीतरी उचललेलं असतं.

तिच्याकडे गेलो ते गिटारीपायी. आमचे हे, हंबीरराव, पलटणीच्या बँडात गिटार वाजवायचे. रिटायर होताना साहेबानं त्यांना ती देऊन टाकली. पुढून फुगीर, मागून फुगीर, छातीवर वळणं घेतलेल्या दोन फटी. आतून पोकळ, पण मधोमध लाकडाचा भरीव ठोकळा. खाली चार बटणं; दोन आवाज कमीजास्त करायची, दोन आवाज जाड-बारीक करायची. हे जाऊन चार वर्षं झाली. नात साक्षी कॉलेजात गाण्याबजावण्यात असते. तिनं गिटार काढून स्पीकरला जोडली, तर आधी भजी तळल्यासारखा आवाज आला, मग तोही बंद.

नीलिमानं फटीतून आरसा आणि बॅटरी घालून बघितलं. वायरी कुजल्यात म्हणाली, सगळ्या नव्या घालते. बटणाखाली लोखंडाची एक डबी असते, बटण तिच्या दांडीवर बसतं; तिला ती पॉट म्हणते. चारी पॉट जुने, चांगल्या बनावटीचे निघाले. ते साफ करून तेच बसवते म्हणाली. मीही तिला तेच बजावलं. ह्यांची बोटं तीस वर्षं त्या बटणांवर फिरलेली. दुसरं काही बसवायचं नाही.

ती बटणं उपटत होती आणि साक्षी तिला एकेक विचारत होती. मी स्टुलावर बसून हातांवर नजर ठेवून होते. नीलिमाचे वडील धम्मपाल, पलूसकडचेच निघाले. लग्नाला, जयंतीला लाऊडस्पीकर लावायचे. आयुष्यभर कर्ण्याजवळ उभं राहून त्यांचे कान गेले. मग मशीन घुमतंय का, आवाज फाटतोय का, हे त्यांना कळेना. ही शाळेतली पोर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायची. घुमलं की एक बोट वर, फाटलं की दोन. पुढं आयटीआय केलं, सांगलीत टीव्हीच्या दुकानात लागली, ते दुकान बंद पडलं. सहा वर्षांमागं सतारी करणाऱ्या आप्पासोंनी तिला आपल्या कारखान्याचा पुढचा कोपरा दिला आणि एक चावी दिली. गल्लीतल्यांनी नाकं मुरडली, वाद्यात वीज कशाला म्हणून. तेव्हा आप्पासोंनी अट घातली, गिऱ्हाइकाच्या मालाबद्दल एक जरी तक्रार आली तरी चावी ठेवून जायचं.

मला वाटलं, ही बोलण्यात गुंतवून हातचलाखी करत असणार.

चारी पॉट ताटलीत काढून ती मेडिकलमधून नळी आणायला गेली. साक्षी दारात फोनवर बोलत होती. आमच्याकडं भावकीत लग्नकार्य निघालं की भांडी एकमेकांकडं जातात. भांड्यावर नाव घातलेलं नसेल, तर पितळेचा तांब्या जातो आणि स्टीलचा येतो. पॉटवर नाव कसं घालणार? साक्षीच्या पर्समधलं लाल नखपॉलिश काढलं आणि चारी पॉटना, दांडी जिथं डबीत शिरते तिथं, कुणाला सहज दिसू नये असा एकेक थेंब लावला. चौथ्याला हात हलला, जरा जास्त पडलं. फुंकर घातली आणि पदर सावरून बसले.

चार दिवसांनी परत गेलो. नीलिमानं पुठ्ठ्यावर गिटारीच्या भोकांच्याच अंतरानं भोकं पाडून त्यात पॉट बसवले होते, नव्या वायरी त्यावरच डाग देऊन जोडल्या होत्या. मी चष्मा लावला. पहिला लाल, दुसरा लाल, तिसरा लाल. चौथा कोरा, चकचकीत.

नीलिमाशी एक शब्द बोलले नाही. सरळ आत आप्पासोंकडं गेले. ते सतारीचा भोपळा घासत होते.

"आप्पासो, तुमच्या बाईनं आमचा पॉट बदललाय. मी खूण केलीवती. चौथ्यावर न्हाई."

त्यांनी हात पुसले, बाहेर आले. पॉट बघितला आणि नीलिमाला म्हणाले, "बदललास?"

"बदलला. अडकला होता. सांगणारच होते, आजी आल्या आल्या आतच गेल्या."

"पयल्या दिवशी चांगला हाय म्हनालीस, आतनं ऐकलं मी. मग अडकला कसा?"

तिनं खणातून एक पुडी काढून उघडली. आमचा जुना पॉट, मागचं झाकण काढलेला. दांडीच्या बुडाला लाल थर वाळून खडा झाला होता. ती म्हणाली, हा रंग आत कसा गेला कळत नाही. ताकद लावून फिरवला तर आतली पट्टी तुटली.

आप्पासोंनी पुडीकडं बघितलंसुद्धा नाही. "रंग काय वरनं गळला? सहा वर्सं मी गल्लीची बोलनी खाल्ली, नीलिमा. चावी ठेव."

तिनं कमरेची चावी सोडून ताटलीत ठेवली. वायरी गोळा करायला लागली.

मी तिथंच उभी. आयुष्यात पुष्कळांवर संशय घेतला, त्यातले निम्मे खरे निघाले, त्याची मला मिजास. आता गप्प राहिले असते, तर कुणाला कळलं नसतं. साक्षीला मात्र कळलं असतं. नखपॉलिश तिचं होतं आणि ती माझ्याकडंच बघत होती. पण खरं सांगते, तिच्या बघण्यानं नाही. धम्मपालची पोर हातातली वायर तीनदा गुंडाळून तीनदा सोडत होती, ते मला बघवेना.

"रंग मी लावलाय," मी म्हटलं. "नखपॉलिश हाय. ही पॉट बदलंल म्हनून खूण केली. चौथ्याला जास्त पडलं."

आप्पासो माझ्याकडं वळले. "वयनी, आवं, मशिनीत रंग घालतं का कोन?"

"आता घातला, त्याला काय करू?"

त्यांनी ताटलीतली चावी उचलून नीलिमापुढं धरली. तिनं घेतली नाही. "आज ह्यांनी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. "उद्या दुसऱ्या कुणी घातला आणि सांगितलं नाही, तर?"

आप्पासोंनी चावी तशीच पुढं धरून ठेवली. "फुडच्या वक्ताला आदी तुजं ऐकीन," एवढंच म्हणाले. तेव्हा तिनं घेतली.

पुढं तिनं काम केलं ते आप्पासोही बघत बसले. सलाईनच्या नळीचे तुकडे तिनं गिटारीच्या चार भोकांतून आत सोडले, फटीतून चिमट्यानं बाहेर काढले आणि प्रत्येक पॉटच्या दांडीवर चढवले. मग पॉट आणि वायरी फटीतून पोटात ढकलून वरून नळ्या ओढत गेली. एकेक दांडी आपापल्या भोकातून वर आली. साक्षीनं वायर लावून तार छेडली. नीलिमा मान तिरकी करून ऐकत होती. बोट काही वर झालं नाही.

मी पिशवी उचलायला लागले. ती म्हणाली, "बघून घ्या आजी."

"नगं गं. इस्वास हाय आता."

"तुमचा असू दे. बघून घ्या."

मग मी चष्मा लावला. बटणं चढवण्याआधी तिनं दांड्यांच्या बुडाशी बॅटरी धरली, आणि एकेक पॉट दाखवला; तीन लाल, एक कोरा, आणि मोडलेला पुडीत. प्रत्येकाला तिनं मला मोठ्यानं हो म्हणायला लावलं. आप्पासो शेजारी उभे होते, समोरच्या दुकानातले दोघं उंबऱ्यापर्यंत आले होते. मी पाची वेळा हो म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.